चोवीस जणांचं घर: आयल ऑफ मॅनमधले सहा दिवस

शनिवार, हेशम ते डग्लस

प्रेस्टनला लेकीकडे येऊन तीन आठवडे झाले होते. नातू शाळेत गेला की घर खायला उठायचं आणि यांचं पालुपद सुरू व्हायचं, "कुठेतरी जाऊन येऊ या." जावयाने स्कॉटलंड सुचवलं, लेकीने लेक डिस्ट्रिक्ट. मी म्हटलं, आयल ऑफ मॅन. सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी अंदमानचं नाव घेतलंय.

कारण साधं होतं. एकतीस वर्षं मी विधानमंडळात मराठी प्रतिवेदक होते. आमदार बोलत, आम्ही आळीपाळीने खाली बसून लघुलिपीत उतरवून घ्यायचं, मग वर जाऊन टंकायचं. मुंबईची अधिवेशनं, डिसेंबरात नागपूर. कधीतरी एका प्रशिक्षणवर्गात कुणीसं सांगितलं होतं की अखंड चालू असलेली जगातली सगळ्यांत जुनी संसद लंडनला नाही, आयरिश समुद्रातल्या एका बेटावर आहे. तिचं नाव टिनवाल्ड, आणि तिच्या खालच्या सभागृहाचं नाव हाऊस ऑफ कीज. कुलूप-किल्ल्यांचं घर! एवढं नाव ऐकून कुणालाही उत्सुकता वाटेल. मला तर ते निवृत्तीनंतरही सोडेना.

यांना पटवायला एक वाक्य पुरलं. "तिथे अजून वाफेच्या इंजिनाची गाडी धावते." हे परळ वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्याच रात्री बॅग भरली.

बोट पावणेचार तासांची, पण वाऱ्यामुळे दोन तास उशिरा सुटली आणि त्या वाऱ्याने मग समुद्रातही आमचा पिच्छा सोडला नाही. मी कागदी पिशवी हातात धरून डोळे मिटून बसले होते. समोर हे तळलेली मासळी आणि बटाटे चवीने खात होते. एकदा तर "जरा खाऊन बघ, बरं वाटेल" असंही म्हणाले. संसाराला चाळीस वर्षं झाली, तरी माणूस कळत नाही.

डग्लसला उतरलो तर जिथे पाहावं तिथे तीन पायांचं चिन्ह. गुडघ्यात वाकलेले, चिलखत घातलेले तीन पाय चाकासारखे फिरताहेत. खाली लॅटिन वाक्य: कसंही फेका, उभंच राहील. तासाभरापूर्वी माझी अवस्था नेमकी उलट होती.

रविवार, डग्लस

पाऊस. घरमालकीणबाईंनी न्याहारीला किपर, म्हणजे धुरी दिलेला हेरिंग मासा दिला. यांनी दोन खाल्ले. बाईंशी गप्पा रंगल्या आणि मी बोलता बोलता विचारलं, बंदरात उंदीर फार असतील ना? बाईंचा चेहराच बदलला. इथे तो शब्द उच्चारायचा नाही म्हणे, 'लांबशेपट्या' म्हणायचं. मी हसायला लागले, पण मग आठवलं, आमच्या आजोळी मालवणकडे रात्री सापाचं नाव काढलं तर आजी तोंडावर हात ठेवायची. 'लांबडं' म्हण. इथे लांबशेपट्या, तिथे लांबडं. बाईंना हे समजावून सांगितल्यावर त्यांनी माझ्या बशीत आणखी एक टोस्ट टाकला.

बेट ५७२ चौरस किलोमीटरचं, म्हणजे आपल्या मुंबईहून थोडं लहान, आणि २०२१ च्या जनगणनेत माणसं ८४ हजार. आमच्याकडे एकेका आमदाराच्या मतदारयादीत याच्या सरासरी चौपट नावं असतात! बेट ब्रिटनच्या राजाचं, पण ब्रिटनचा भाग नाही. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार लंडनकडे, बाकी कायदे, कर, शाळा, इस्पितळं सगळं घरचं. नोटासुद्धा घरच्या, आणि एक पौंडाची कागदी नोट अजून चलनात. "जाण्याआधी संपवून जा," बाईंनी बजावलं, "पलीकडे कुणी घेत नाही."

दुपारी पाऊस उघडल्यावर संसदेची इमारत बाहेरून पाहून आलो. चढावरच्या कोपऱ्यावर आहे. १८९४ चा पांढराशुभ्र भाग मजल्यावर मजला चढत जातो, त्याला लोक 'लग्नाचा केक' म्हणतात. नाव अगदी चपखल आहे. त्याला लागून खालच्या अंगाला गोलसर कोपऱ्याची जुनी इमारत आहे, ती मुळात बँकेची. १८७८ मध्ये ग्लासगोची मूळ बँक बुडाली, तिच्याबरोबर ही शाखाही गेली आणि सरकारने वास्तू घेतली. हे म्हणाले, "बँक बुडाली आणि तिथे राजकारणी बसले!" मी सवयीने इकडेतिकडे पाहिलं, कुणाला मराठी येत नव्हतं ते बरं.

सोमवार, कॅसलटाउन

वाफेची गाडी. तीन फुटी रूळ, १८७४ चा मार्ग, इंजिनं मँचेस्टरच्या बेयर पीकॉक कारखान्याची. आपली माथेरानची दोन फुटी, हे मला यांनी गाडी सुटायच्या आत तीनदा सांगितलं. कोळशाचा वास आल्याबरोबर हे लहान मुलासारखे खिडकीला नाक लावून बसले. इथे 'लॉक' नावाचं एक इंजिन आहे, १८७४ चं. आमच्या गाडीला ते नव्हतं म्हणून हे हिरमुसले. मला मात्र नावातच जास्त रस होता. हेन्री लॉक हा १८६३ पासून जवळजवळ वीस वर्षं इथला लेफ्टनंट गव्हर्नर. त्याच्या कारकिर्दीत या सभागृहाचं जे झालं ते पाहायलाच मी कॅसलटाउनला चालले होते.

कॅसलटाउन ही जुनी राजधानी. स्टेशनापासून चालत गेलं की रशन किल्ला. राखाडी दगडाचा, अजून चिरा न हललेला. त्याच्या घड्याळाला एकच काटा आहे. १५९७ मध्ये एलिझाबेथ राणीने दिलं म्हणतात. मिनिटांची भानगडच नाही. "ट्रे द ल्यूर", घाई कशाला, वेळ भरपूर आहे, अशी इथली म्हण आहे, तिला शोभेल असं घड्याळ.

किल्ल्यासमोर रस्ता ओलांडला की जुनं हाऊस ऑफ कीज. बंगली म्हणावी इतकं लहान. १८२१ ते १८७४ सभागृह इथे भरत होतं. आता संग्रहालय आहे आणि गंमत अशी की पाहुण्यांनाच सदस्य करून बाकांवर बसवतात, जुने प्रश्न समोर ठेवतात आणि मत द्यायला लावतात. आम्ही अकराजण होतो. यांनी पहिल्याच प्रश्नावर न ऐकता हात वर केला. मी त्यांना कोपराने ढोसलं. इतकी वर्षं दुसऱ्यांची मतं लिहून घेतली, आज प्रथमच अशा बाकावर बसून मी माझं मत दिलं, आणि खरं सांगते, तळहाताला घाम आला होता.

आता त्या खोलीची खरी गोष्ट. या सभागृहाचं मँक्स, म्हणजे बेटाच्या मूळ भाषेतलं नाव 'केर अस फीड'. केर म्हणजे चार, फीड म्हणजे वीस. चार आणि वीस. मी ते पाटीवर वाचलं आणि दोन मिनिटं तिथेच उभी राहिले, कारण आपला 'चोवीस' म्हणजे दुसरं काय? आधी चार, मग वीस. इंग्रजांनी चारला मागे ढकललं, आपण आणि मँक्स लोकांनी पुढेच ठेवलं. 'कीज' हा शब्द या 'केर अस'चाच अपभ्रंश असावा असं काहीजण मानतात. पण १४१७ च्या लॅटिन कागदात या चोवीस जणांना 'मॅनच्या किल्ल्या आणि कायद्याच्या किल्ल्या' म्हटलेलं आहे. तेव्हा कायदा लिहिलेला नव्हता, लोकांच्या छातीत होता. त्याला नावही 'छातीतला कायदा' असंच. कुलूप उघडायचं तर या माणसांना विचारायचं.

इथपर्यंत सगळं काव्यमय. पण या हजार वर्षांच्या परंपरेतली एक गोष्ट मी मुंबईत कुठे ऐकली नव्हती. १८६६ पर्यंत हे चोवीसजण निवडून येतच नव्हते. एखादी जागा रिकामी झाली की उरलेले दोन नावं सुचवायचे, गव्हर्नर त्यातलं एक उचलायचा, आणि तो माणूस बहुधा मरेपर्यंत तिथे. जमीनदार, व्यापारी, एकमेकांचे सोयरे. लोकप्रतिनिधी म्हणायचं कुणाचे?

त्यांचं कुलूप ज्याने उघडलं तो छापखान्याचा माणूस होता. जेम्स ब्राउन, जन्म लिव्हरपूलचा, आफ्रिकी वंशाचा, 'आयल ऑफ मॅन टाइम्स'चा मालक. १८६४ मध्ये डग्लसच्या नगर कारभाऱ्यांना जादा अधिकार देण्याचं विधेयक आलं. त्यावर सभागृहात जी मुक्ताफळं उधळली गेली त्यांचा ब्राउनने वर्तमानपत्रात समाचार घेतला. सभागृहाने त्याला बोलावून घेतलं, अवमान केला म्हणून सहा महिन्यांची कैद ठोठावली आणि समोरच्या किल्ल्यात डांबलं. आपल्या भाषेत हक्कभंग.

मी मुद्दाम दारात उभं राहून रस्ता मोजला. सभागृहाच्या पायरीपासून किल्ल्यापर्यंत माझी पावलं किती, ते सांगत नाही, माझी पावलं छोटी आहेत. पण आतलं भाषण खिडकीतून कैद्याला ऐकू गेलं असेल असं वाटण्याइतकं जवळ. फिर्यादी तेच, न्यायाधीश तेच, आणि तुरुंग समोरच!

ब्राउन साताएक आठवड्यांत सुटला. लंडनच्या क्वीन्स बेंच न्यायालयाने सांगितलं की विधिमंडळ म्हणून बसलेलं असताना अवमानासाठी कैद करायचा अधिकार या सभागृहाला नाही. ब्राउनने मग उलट दावा लावून पाचशेहून जास्त पौंड भरपाई वसूल केली. आणि सभागृहाची जी काय अब्रू होती ती गेली. लॉकसाहेब संधीची वाटच पाहत होते. बेटाला आपला महसूल स्वतः खर्च करायला हवा होता, त्याबदल्यात सभागृह निवडून आलं पाहिजे असा सौदा ठरला. १८६६ मध्ये कायदा झाला, १८६७ च्या एप्रिलमध्ये पहिली निवडणूक.

आमच्या खात्यात नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगायचे, प्रतिवेदक हा फर्निचर असतो. तो ऐकतो, लिहितो, त्याला मत नसतं. मीही हे कितीजणांना सांगितलं असेल. सोमवारी त्या पायरीवर उभी असताना ते वाक्य मला काही केल्या तितकंसं पटेना. सभागृहात कोण काय बोललं हे बाहेर छापून आलं, एवढ्यावरून इथलं सभागृह बदललं होतं.

परतीला बस घेतली. वाटेत एक छोटासा पूल लागतो, पऱ्यांचा. तिथे पऱ्यांना नमस्कार न करता पुढे गेलं तर अपशकुन. बसमधली दोन शाळकरी पोरं मोबाइलवरून नजर न काढता हलो म्हणाली. आम्ही दोघांनी रीतसर हात जोडले. परतीचा समुद्र डोळ्यांपुढे होता.

मंगळवार, सभागृहात

हाऊस ऑफ कीज बहुतेक मंगळवारी सकाळी दहाला भरतं, आणि प्रेक्षकांची गॅलरी खुली असते. मी साडेआठलाच तयार. चंदेरी काठाची नारायणपेठी नेसले होते, वर लेकीचं जाकीट. दारावरच्या माणसाने नाव लिहून घेतलं, पिशवी बघितली आणि जायची वाट दाखवली. बस, झालं. मंत्रालयासमोरच्या रांगा, पास, शिफारस, पासवरचा फोटो हे सगळं आठवून यांना म्हटलं, "अहो, चुकीच्या दारातून तर नाही ना आलो?"

दाराशी एक बाई छत्री झटकत होत्या. हातात कागदांची चळत, खांद्याला साधी कापडी पिशवी. मी त्यांना वाट दिली. नंतर बघते तर त्या खाली सदस्यांच्या जागेवर! मागे स्वीय सहायक नाही, पुढे 'साहेब आले' नाही.

दहाला अध्यक्ष आले. "मॉरा माय," ते म्हणाले, आणि सगळ्या सदस्यांनी एका सुरात "मॉरा माय" म्हटलं. मँक्समध्ये सुप्रभात. ही भाषा जन्मापासून बोलणारा शेवटचा माणूस १९७४ मध्ये गेला. आता मुलांना शाळेत शिकवून ती पुन्हा उभी करताहेत, आणि इथे दर बैठकीची सुरुवात तिच्यातच होते. दोनच शब्द. पण ते इतक्या सवयीने आले की मला आवडले. मग प्रार्थना, मग प्रश्नोत्तरं.

इथे सगळे मिळून २४. मतदारसंघ १२, प्रत्येकी दोन सदस्य. २०२१ च्या निवडणुकीत २४ पैकी १० बायका निवडून आल्या. आपल्याकडे २८८ मध्ये किती, तो हिशेब मी गॅलरीत बसून केला आणि सोडून दिला. बायकांच्या बाबतीत या सभागृहाने एकदा फार मोठी उडी मारली होती. १८८१ मध्ये, स्वतःच्या नावावर घर-जमीन असलेल्या अविवाहित आणि विधवा बायकांना इथे मताचा हक्क मिळाला. न्यूझीलंडच्या बारा वर्षं आधी, आपल्या मुंबई इलाख्याच्या चाळीस वर्षं आधी. नवऱ्याच्या घरात राहणाऱ्या बाईला मात्र नाही. ती वाट १९१९ पर्यंत. आता तर सोळाव्या वर्षीच मतदान करता येतं, २००६ पासून.

मला सगळ्यांत विचित्र वाटलं ते हे, की समोरासमोर बसलेले दोन पक्ष नाहीतच. बहुतेक सगळे अपक्ष. घोषणा नाहीत, फलक नाहीत, वेलमध्ये धावणं नाही, सभात्याग नाही. पहिली वीस मिनिटं मला हे स्वर्गासारखं वाटलं. नंतर एक गोष्ट टोचायला लागली. या चोवीस जणांतूनच मुख्यमंत्री आणि बहुतेक मंत्री, आणि उरलेल्यांतले बरेचसे कुठल्या ना कुठल्या खात्याला जोडलेले. मग सरकारला धारेवर धरायचं कुणी? शेजारी एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ बसले होते, डब्यातून सँडविच काढून चोरून खात होते. त्यांना हळूच विचारलं. ते म्हणाले, "दर मंगळवारी येतो. विरोधी पक्ष मीच." आणि डबा बंद केला.

प्रश्न संपल्यावर विधेयक आलं. कलमवार वाचन. हा प्रकार जगात कुठेही कंटाळवाणाच, पण मला त्यात घरी आल्यासारखं वाटलं. एकाने कलम मांडायचं, दुसऱ्याने उठून अनुमोदन द्यायचं आणि "माझं म्हणणं राखून ठेवतो" म्हणून बसायचं. पुढचं कलम, पुन्हा अनुमोदन, पुन्हा राखून ठेवलं. माझी बोटं आपोआप मांडीवर हलायला लागली. लघुलिपीच्या रेघा. यांनी पाहिलं आणि माझ्या हातावर हात ठेवला. मला वाटलं प्रेमाने, पण हे म्हणाले, "भूक लागली."

इथे सगळं ध्वनिमुद्रण होतं आणि त्यावरून अहवाल तयार होतो, आमच्यासारखी माणसं खाली बसलेली दिसली नाहीत. मध्येच एका सदस्याची सगळी कागदपत्रं घसरून जमिनीवर पसरली. त्यांच्याच सूचनेला जे विरोध करत होते ते गृहस्थ वाकून कागद गोळा करायला लागले आणि एक कागद वाचत म्हणाले, "हे तर माझ्याच बाजूचं आहे." सगळे हसले, अध्यक्षसुद्धा.

या सभागृहाने मंजूर केलेलं विधेयक वरच्या सभागृहात जातं. तिथे ११ जण, त्यातले ८ या कीजनीच निवडलेले. आपल्या विधान परिषदेतही काही आमदार विधानसभेतून निवडून जातात, तसंच. महिन्यातून एकदा दोन्ही सभागृहं एकत्र बसतात, त्या बैठकीचं नाव टिनवाल्ड. पण बसायचं एकत्र, मतं मोजायची वेगवेगळी.

बुधवार, सेंट जॉन्स

बसने अर्धा तास. आज धुकं. समुद्रदेव मॅनॅनन आपलं घोंगडं बेटावर पांघरतो म्हणजे धुकं पडतं, असं इथे मानतात. शत्रूला बेट दिसू नये म्हणून. आम्हालाही टिनवाल्डची टेकडी जवळ जाईपर्यंत दिसली नाही.

आणि दिसली तेव्हा हे म्हणाले, "एवढीच?" एवढीच. माणसाच्या दुप्पट उंचीची, चार पायऱ्यांची, गवताने मढलेली गोल टेकडी. बेटाच्या सतराही परगण्यांची माती आणून रचली म्हणतात. नॉर्स, म्हणजे व्हायकिंग लोक आले तेव्हा त्यांनी सभेच्या मैदानाला दिलेलं नाव, तेच बदलत बदलत टिनवाल्ड झालं. दर ५ जुलैला अख्खी संसद इथे उघड्यावर भरते. वरच्या थरावर गव्हर्नर आणि वरचं सभागृह, त्याखालच्या थरावर कीज. वर्षभरात झालेले कायदे मँक्समध्ये आणि इंग्रजीत लोकांसमोर थोडक्यात वाचतात. राजाची संमती मिळाल्यापासून अठरा महिन्यांत इथे पुकारलं नाही, तर कायदा रद्द! वाटेवर लव्हाळं अंथरतात. आणि त्या दिवशी कुणीही सामान्य माणूस टेकडीच्या पायथ्याशी येऊन आपल्या गाऱ्हाण्याचा अर्ज देऊ शकतो.

आज तिथे कुणी नव्हतं. ओलं गवत, शेजारच्या चर्चचं बंद दार, लांब कुठेतरी मेंढ्या. यांनी पायथ्याशी उभं राहून खिशातून बोटीचं तिकीट काढलं, दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, "अर्ज आहे सरकार. परतीला विमान करावं." तेवढ्यात वाऱ्याने छत्री उलटी झाली आणि एक काडी मोडली. अर्ज निकाली निघाला.

दुपारी जवळच्या पील गावी गेलो, किल्ला पाहिला, पुन्हा किपर. लॅक्सी गावचं प्रसिद्ध मोठं पाणचाक पाहायचं राहूनच गेलं.

गुरुवार, परत

समुद्र तेलासारखा शांत. पऱ्यांना नमस्कार लागू पडला. पाच एकपौंडी नोटा शेवटी माझ्याच पाकिटात राहिल्या.

काही दिवसांनी प्रेस्टनला लेकीच्या संगणकावर त्या मंगळवारचा अहवाल सापडला. नातवाला मांडीवर घेऊन मी तो ओळीने वाचला. मॉरा माय आहे. राखून ठेवलेली सगळी म्हणणी आहेत. कागद पडले त्या जागी पोचले, तिथे "हे तर माझ्याच बाजूचं आहे" नव्हतं. माइकपासून लांब वाकून बोलले होते, पकडलं गेलं नसणार. तिथे फक्त कंसात लिहिलं होतं: (हशा).

"आजी, का हसले ते?" नातवाने विचारलं. मग मी त्याला सगळं सांगितलं.